रक्तातलं प्रथिन फुफ्फुसाच्या कर्करोगाबद्दल किती सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. तीस वर्षं रोज साधारण २० सिगारेटी ओढल्या, आता चार-पाचवर आले आहेत. खोकला, ताप, वजन घटणं, यांतलं काही नाही. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये सीईए नावाचा ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कर्करोगांत रक्तात वाढणारं प्रथिन, होता. तो मिलीलिटरला ६.१ नॅनोग्रॅम आला आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापला गेला. मुलगी विचारते, हा कर्करोग आहे का? प्रथिनांवरून फुफ्फुसाचा कर्करोग लवकर ओळखणारी नवी रक्ततपासणी करून सीटी टाळता येईल का? आणि ती निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहायचं का?

आधी उत्तर, मग कारणं. ६.१ वरून कर्करोग आहे असं म्हणता येत नाही. वडिलांचा लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांत होणारा छातीचा स्कॅन, करून घ्या. सीईए २ आला असता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण सीटीची गरज त्यांच्या तीस वर्षांच्या सिगारेटींमुळे आहे. आणि कुठलीही रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून तो टाळू नका.

मी बायोकेमिस्ट आहे. बावीस वर्षं ट्यूमर मार्करच्या चाचण्या करतोय आणि त्यांचे रिपोर्ट सही करून बाहेर पाठवतोय. या चाचण्यांवर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्या चुकीच्या कामाला जुंपलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं.

हा शोध एवढ्या आटापिट्याने का चालला आहे, ते आधी सांगतो. २०२२ मध्ये जगभरात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण सापडले आणि सुमारे १८.२ लाख माणसं त्याने गेली. दुसऱ्या कुठल्याही कर्करोगाने एवढी माणसं जात नाहीत. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर रोग फुफ्फुसापुरता असताना सापडला की पाच वर्षांनी १०० पैकी साठाहून जास्त रुग्ण हयात असतात. तोच दूर पसरल्यावर सापडला तर दहाही नसतात. बहुतेकांचा पसरल्यावरच सापडतो, कारण फुफ्फुसाच्या आत दुखण्याच्या नसा नाहीत. गाठ लिंबाएवढी झाली तरी माणूस कामावर जात राहतो.

लवकर पकडायचं साधन आपल्याकडे आहे, ते म्हणजे लो-डोस सीटी. अमेरिकेतल्या एनएलएसटी या अभ्यासात ५३,४५४ धूम्रपान करणाऱ्या किंवा सोडलेल्या माणसांपैकी निम्म्यांचा दरवर्षी सीटी केला आणि निम्म्यांचा साधा एक्स-रे, अशी तीन वर्षं. २०११ मध्ये निकाल आला : सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. २०२० मध्ये युरोपातल्या नेल्सन अभ्यासाने तेच दाखवलं, पुरुषांमध्ये दहा वर्षांनी २४ टक्के घट. म्हणजे सीटी जीव वाचवतो याबद्दल आता वाद उरलेला नाही. अडचण पुढे आहे. एनएलएसटीमध्ये सीटीवर 'संशयास्पद' म्हणून जे सापडलं, त्यातलं ९६ टक्क्यांहून जास्त कर्करोग नव्हतंच. जुन्या क्षयाचे व्रण, बुरशीच्या संसर्गाच्या खुणा, लिम्फच्या छोट्या गाठी. शिवाय सीटी कोणाचा करायचा हे आपण फक्त वय आणि सिगारेटींच्या हिशेबावरून ठरवतो, आणि फुफ्फुसाचा कर्करोग होणाऱ्या कितीतरी माणसांना तो हिशेब लागूच पडत नाही.

म्हणून रक्तातल्या प्रथिनाकडून खरी अपेक्षा दोन ठिकाणी आहे : सीटीआधी, कोणाला बोलवायचं हे ठरवताना, आणि सीटीनंतर, सापडलेल्या गाठीचं काय करायचं हे ठरवताना. 'या माणसाला कर्करोग आहे का' या सरळ प्रश्नाचं उत्तर आज एकही प्रथिन देत नाही. का देत नाही, हे कळायला गाठीचं आणि रक्ताचं माप शेजारी ठेवून बघा.

एक सेंटिमीटर व्यासाची गाठ म्हणजे अर्धा मिलीलिटर ऐवज, जेमतेम दहा थेंब. ही गाठ जे काही सोडते ते सुमारे तीन लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, मिसळतं. त्या प्लाझ्मात अल्ब्युमिन या एकट्या नेहमीच्या प्रथिनाचंच प्रमाण दर मिलीलिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. सीईए मोजतो आपण नॅनोग्रॅममध्ये. अल्ब्युमिन त्याच्या सुमारे एक कोटी पट. या गर्दीतून नेमका एक रेणू उचलणं अँटिबॉडीमुळे, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनामुळे, जमतं. यंत्रं ते रोज बिनचूक करतात. अवघड भाग वेगळाच आहे. तो रेणू गाठीतूनच आला की निरोगी पेशीतून, हे यंत्राला कळत नाही. सीईए निरोगी माणसाच्या आतड्याचं अस्तरही बनवतं, आणि सिगारेटच्या धुराने चिडलेली श्वासनलिकाही.

सीईएची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. १९६५ मध्ये माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात सापडलं. वाटलं, कर्करोगाची रक्ततपासणी मिळाली. पुढे कळलं की यकृताचे आजार, आतड्याची किंवा स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड मंदावणं, दीर्घकाळचा दमा-ब्राँकायटिस, आणि धूम्रपान, या सगळ्यांत ते वाढतं. म्हणून बऱ्याच लॅब न ओढणाऱ्यांसाठी ३ आणि ओढणाऱ्यांसाठी ५ अशी वेगळी मर्यादा छापतात. रोज चार-पाच सिगारेटी ओढणाऱ्या माणसाचा ६.१ मी वर्षभरात कितीदा पाहतो याची गणती नाही. आज सीईएचा खरा उपयोग आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग परततोय का हे पाहायला होतो. तिथे तुलना त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी असते, म्हणून ते काम तो चोख करतो.

बाकीच्या मार्करांचंही असंच काहीतरी असतं. सायफ्रा २१-१ हा केराटिन-१९ या पेशीच्या आतल्या सांगाड्याचा तुकडा. पेशी मरते तेव्हा तो सुटून रक्तात येतो. स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगात तो चांगला वाढतो, पण मरणाऱ्या पेशींवर अवलंबून असलेला मार्कर स्वभावतःच उशिरा जागा होतो. छोट्या, नुकत्या रुजलेल्या गाठीत मरणाऱ्या पेशी थोड्याच असतात. मूत्रपिंड बिघडलं तरी तो साचतो. प्रो-जीआरपी आणि एनएसई हे स्मॉल सेल प्रकाराचे मार्कर. तो प्रकार इतक्या झपाट्याने पसरतो की लवकर पकडण्याची खिडकीच अरुंद. मला सगळ्यांत लक्षवेधी वाटतो तो प्रो-एसएफटीपीबी. फुफ्फुसाचे वायुकोश मिटू नयेत म्हणून तिथल्या पेशी एक निसरडा लेप बनवतात, त्यातल्या एका प्रथिनाचा हा कच्चा, अजून काटछाट न झालेला अवतार. फुफ्फुसाला इजा झाली की तो रक्तात जास्त झिरपतो. म्हणजे 'गाठ आहे' यापेक्षा 'हे फुफ्फुस त्रासात आहे' अशी खबर तो देतो, आणि धोका कोणाला जास्त हे ठरवताना ती खबर मोलाची ठरते.

आता पॅकेजमधल्या 'कॅन्सर मार्कर पॅनल'बद्दल, कारण तुमच्यासारखे निम्मे प्रश्न तिथूनच येतात. रेफरन्स रेंज, म्हणजे रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा, बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं बाहेर पडणार हे आधीच मान्य केलेलं असतं. सहा मार्कर एकदम केले आणि ते एकमेकांवर अवलंबून नसले, तर सगळेच्या सगळे रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. उरलेल्या २६ टक्के धडधाकट माणसांच्या हातात किमान एक ठळक आकडा पडणार. प्रत्येक घरात मग तीच रात्र जागून काढली जाते.

शिवाय आकड्याआधी नळी असते. हे लोकांना सांगितलंच जात नाही. काही वर्षांपूर्वी एका आजींचा एनएसई नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आला होता. रिपोर्ट दुसऱ्या ठिकाणचा होता. खात्रीसाठी माझ्याकडे पाठवला. सोबत त्या लॅबमधून उरलेलं सीरमही, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, आलं होतं. नळी खिडकीपाशी उजेडात धरली. सीरम पेंढ्याच्या फिकट पिवळ्या रंगाचं असायला हवं. हे गुलाबी होतं, डाळिंबाचा दाणा पाण्यात विरघळल्यासारखं. तांबड्या पेशी फुटलेल्या होत्या. एनएसई तांबड्या पेशींत आणि प्लेटलेटमध्ये भरपूर असतं. सुई अडली, नळी जोरात हलली किंवा सेंट्रिफ्यूज करायला तास-दीड तास जास्त गेला, की आकडा फुगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट रक्त घेतलं, अर्ध्या तासात वेगळं केलं, आकडा नॉर्मल. मधले चार दिवस त्या घरात कोणी जेवलं नव्हतं, असं त्यांचा नातू म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक वाढलेला एनएसई सही करण्याआधी मी नळी स्वतः पाहतो.

असे सापळे आणखी आहेत. एससीसी हा मार्कर त्वचेत आणि लाळेत असतो. उघड्या नळीवर कोणी बोललं-शिंकलं तरी तो वाढू शकतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर सीईएसारखे मार्कर खोटे कमी दिसतात. आणि एकाच रक्ताचा सीईए दोन कंपन्यांच्या किटवर दोन वेगळे आकडे देतो, म्हणून या लॅबचा ६.१ आणि त्या लॅबचा ४.८ यांची तुलना करून 'उतरला' म्हणू नये.

नमुना कसा हाताळला यावर अख्खं संशोधन कोसळल्याचं उदाहरण आहे. २००२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या आलेखावरून अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ शंभर टक्के ओळखता येतो असा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला होता. इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा आलेखांतल्या फरकांत नमुने कसे आणि कधी तपासले याची छाप दिसली, रोगाची नव्हे. ती चाचणी बाजारात आलीच नाही. माझ्या पिढीच्या लोकांनी त्यातून एक सवय लावून घेतली : नव्या मार्करचा निबंध हातात आला की आधी पाहायचं, रक्त कधी घेतलं होतं. रोगनिदान झालेल्या रुग्णांचं रक्त आणि निरोगी कर्मचाऱ्यांचं रक्त अशी तुलना असेल, तर आकडे कितीही देखणे असोत, लवकर निदानाबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. निदान होण्याआधी घेऊन गोठवलेलं रक्त हवं, जेव्हा कोणाला कर्करोग होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

असं रक्त कुठून मिळतं, हेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात केरेट नावाचा अभ्यास सुरू झाला : धूम्रपान करणाऱ्यांना आणि ॲसबेस्टॉसच्या संपर्कात आलेल्यांना बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दिलं तर कर्करोग टळतो का. झालं उलटंच, गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला, आणि १९९६ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. पण त्या माणसांनी दिलेलं रक्त फ्रीझरमध्ये राहिलं. पुढे त्यातल्या १०८ जणांचं, निदानाच्या आधीच्या एका वर्षात घेतलेलं रक्त आणि २१६ जुळत्या निरोगी व्यक्तींचं रक्त वापरून चार प्रथिनांचा एक गट बांधला गेला : प्रो-एसएफटीपीबी, सीए-१२५ (एरवी अंडाशयाच्या कर्करोगासाठी मोजतात तो मार्कर), सीईए आणि सायफ्रा २१-१. मग युरोपातल्या दोन वेगळ्या अभ्यासांतल्या ६३ रुग्ण आणि ९० निरोगी व्यक्तींवर तो पारखला. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या मते या क्षेत्रातलं ते सगळ्यांत प्रामाणिक कामांपैकी एक आहे. त्यात प्रत्येक मार्करला स्वतंत्र मर्यादा लावून 'एक वाढला' असं म्हणत नाहीत. चारही आकडे आणि धूम्रपानाचा इतिहास एका समीकरणात घालून एकच धोका काढतात. निरोगी माणसांना चुकून पकडण्याचं प्रमाण सारखं ठेवलं, तर सीटी कोणाचा करायचा हे ठरवणाऱ्या त्या वेळच्या अमेरिकी वय-सिगारेटीच्या निकषाने १०० पैकी ४३ रुग्ण सापडत होते, या समीकरणाने ६३. निरोगी १०० पैकी ८३ जणांना ते बरोबर 'नाही' म्हणत होतं.

६३ आणि ८३ हे आकडे वाचून चाचणी बरी वाटते. आता कागद घ्या आणि माझ्यासोबत हिशेब करा. तुमच्या वडिलांसारखी १०,००० माणसं घेऊ. त्यांतल्या १०० जणांना येत्या वर्षात फुफ्फुसाचा कर्करोग निघणार आहे असं धरू. चाचणी त्यांतल्या ६३ जणांना पकडेल. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी १७ टक्के, म्हणजे १,६८३ जणांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह १,७४६, त्यांत खरे ६३. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २८ माणसांत एक. आणि निगेटिव्ह आलेल्या ८,२५४ जणांत ३७ रुग्ण सुटलेले, साधारण २२३ माणसांत एक. चाचणीआधी धोका शंभरात एक होता. चाचणीने माणसांचे दोन ढीग केले : एकात अठ्ठाविसात एक, दुसऱ्यात सव्वादोनशेत एक. सीटीची रांग लावायची असेल, तर हे फार कामाचं आहे. एकट्या माणसाला 'तुम्हाला आहे' किंवा 'तुम्हाला नाही' असं सांगायला याचा काही उपयोग नाही.

तीच चाचणी कधीच न ओढलेल्या तरुण माणसांना पॅकेजमध्ये सरसकट दिली, जिथे १०,००० त पाच रुग्ण असतील, आणि अचूकता तशीच टिकली असं मानलं, तर तीन खरे सापडतील आणि सतराशेच्या आसपास माणसं विनाकारण सीटी, बायोप्सी आणि भीतीच्या फेऱ्यात अडकतील. फुफ्फुसाची बायोप्सी म्हणजे सुईने छातीत शिरणं. त्यात फुफ्फुस खाली बसू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. गरज असेल तिथे ही जोखीम घ्यावीच लागते, पण ती एका मार्करच्या ठळक छापील आकड्यावर घेऊ नये.

हेच चार-प्रथिनी समीकरण पुढे पीएलसीओ या मोठ्या अमेरिकी अभ्यासातल्या साठवलेल्या रक्तावर, धूम्रपान-वय-कौटुंबिक इतिहास मोजणाऱ्या सूत्राला जोडून पाहिलं गेलं. २०२२ च्या त्या निबंधात, वय-सिगारेटीच्या २०२१ च्या अमेरिकी निकषाच्या तुलनेत ९.२ टक्के जास्त रुग्ण सीटीसाठी निवडले गेले असते आणि निरोगी माणसांना पाठवणं १३.७ टक्क्यांनी कमी झालं असतं. हा फायदा लहान पण खरा आहे.

तुमचा तिसरा प्रश्न, निगेटिव्ह आली तर काय, याचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर स्कॉटलंडमधून आलं. तिथे वेगळी युक्ती वापरली होती. गाठीची प्रथिनं मोजण्याऐवजी, त्या प्रथिनांविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी मोजायच्या. कल्पना सुंदर आहे, कारण गाठ इवलीशी असली तरी प्रतिकारशक्ती तिची खबर कितीतरी पटींनी वाढवून देते. पी५३, एनवाय-ईएसओ-१, सॉक्स२ वगैरे सात प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडींची अर्लीसीडीटी-लंग ही चाचणी जास्त धोका असलेल्या १२,२०८ जणांच्या अभ्यासात निम्म्यांना दिली. पॉझिटिव्ह आलेल्यांचे एक्स-रे आणि ठरावीक अंतराने सीटी केले. दोन वर्षांनी चाचणीच्या गटात ५६ रुग्ण निघाले, त्यांतले ३३ पुढच्या टप्प्यातले. दुसऱ्या गटात ७१ पैकी ५२ पुढच्या टप्प्यातले. म्हणजे उशिरा सापडणं कमी झालं, ही जमेची बाजू. पण त्या ५६ पैकी ३८ जणांची रक्ततपासणी निगेटिव्ह होती. तुमच्या वडिलांना निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कोणी 'सीटीची गरज नाही' म्हणालं, तर हे ३८ जण आठवा.

टप्पा आधीचा सापडला म्हणजे जीव वाचला, असंही परस्पर धरता येत नाही. सीए-१२५ वरच ब्रिटनमध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी दोन लाखांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. दरवर्षीच्या आकड्याचा कल पाहणारं हुशार गणित त्यात होतं. २०२१ मध्ये, सोळा वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर, पुढच्या टप्प्यातले रुग्ण थोडे कमी झालेले दिसले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना तो निकाल फार लागला. म्हणून कोणत्याही नव्या चाचणीबद्दल मी आधी विचारतो, की तिने मृत्यू कमी केल्याचा पुरावा आहे का. फुफ्फुसासाठी तो पुरावा आज लो-डोस सीटीकडे आहे, कुठल्याही प्रथिनाकडे अजून नाही.

सीटीनंतरच्या जागेबद्दल मात्र मी जास्त आशावादी आहे. सीटीवर ८ ते ३० मिलिमीटरची गाठ दिसली, आणि डॉक्टरांच्या अंदाजाने ती कर्करोगाची असण्याची शक्यता निम्म्याहून कमी आहे, असे रुग्ण सगळ्यांत जास्त अडकतात. कापावं की थांबावं? पॅनोप्टिक या अभ्यासात एलजी३बीपी आणि सी१६३ए या दोन प्रथिनांचं गुणोत्तर, सोबत वय, सिगारेट, गाठीचा आकार, तिची जागा आणि कडा, असं एकत्र मोजलं. २०१८ च्या निकालात, चाचणीने 'बहुधा साधी' म्हटलेल्या गाठींपैकी ९८ टक्के खरोखर साध्या निघाल्या. तो सल्ला पाळला असता तर साध्या गाठींवरच्या विनाकारण प्रक्रिया ४० टक्क्यांनी टळल्या असत्या. विश्लेषणातले रुग्ण १७८ होते, म्हणजे आकडा छोटा. साध्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त तरीही 'सांगता येत नाही' मध्येच राहिल्या. तरीही इथे चाचणीला योग्य प्रश्न विचारला होता, 'थांबायला हरकत नाही ना?' एवढाच, आणि त्याला ती नेमकं उत्तर देऊ शकली.

नवीन काय, तर आता एका थेंबात हजारभर प्रथिनं मोजता येतात. एका तंत्रात प्रत्येक प्रथिनाला दोन अँटिबॉडी चिकटतात, दोघींना डीएनएच्या शेपट्या असतात. दोन्ही एकाच रेणूवर बसल्या तरच शेपट्या जुळतात आणि मोजल्या जातात. त्यामुळे चुकीचा रेणू सहसा गणनेत येत नाही. २०२३ मध्ये अमेरिका, युरोप, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातल्या सहा अभ्यासांच्या साठवलेल्या रक्तात १,१६२ प्रथिनं पाहिली गेली : ७३१ रुग्ण, निदानाच्या आधी तीन वर्षांच्या आतलं रक्त, आणि सिगारेटचा इतिहास जुळणारी तेवढीच निरोगी माणसं. त्यातून ३६ प्रथिनं टिकली. वाढीचे घटक, सूज पसरवणारे निरोप्ये, आणि सगळ्यांत ठळक संबंध कोणाचा निघाला? सीईएचाच. हजारात शोधूनही १९६५ चाच मार्कर अव्वल येतो, तेव्हा तो निकामी नाही हे सिद्ध होतं. चौघा-पाचांत बसवून, माणसाचा धोका सोबत मोजून, त्याला काम दिलं तर तो करतो.

आता तुमच्या वडिलांकडे परत. ५० ते ८० वय, दिवसाला २० सिगारेटींच्या हिशेबाने किमान २० वर्षांचं धूम्रपान, आणि अजून चालू किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत, हा अमेरिकेच्या यूएसपीएसटीएफ या, प्रतिबंधक तपासण्यांची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञगटाचा २०२१ चा निकष. वडील त्यात पूर्ण बसतात. छातीच्या डॉक्टरांना भेटून लो-डोस सीटी करा. साध्या छातीच्या सीटीच्या मानाने त्यात किरणांचा डोस बराच कमी असतो. तो स्वच्छ आला तरी दरवर्षी करायचा आहे, एकदाच करून भागत नाही. मध्येच खोकल्याचा पोत बदलला, थुंकीत रक्त आलं, आवाज बसला, वजन घटलं, तर वर्ष संपायची वाट पाहायची नाही.

सीईए सहा-आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. ६.१ चा ५.६ झाला किंवा ६.५ झाला तरी मी त्याला बदल मानणार नाही; एवढा चढउतार शरीराचा आणि यंत्राचा मिळून असतोच. दुप्पट झाला, किंवा दर वेळी चढत गेला, तर मात्र शोध घ्यायचा, आणि तो फुफ्फुसापुरता ठेवायचा नाही. मोठ्या आतड्याची तपासणी या वयात तशीही व्हायला हवी. ती झाली नसेल तर सीईएच्या निमित्ताने करून टाका. यकृत आणि थायरॉइडच्या साध्या तपासण्याही बघा. सीटी आणि आतडं दोन्ही ठीक असतील, तर केवळ ६.१ साठी पेट स्कॅन (अख्ख्या शरीरात कर्करोग शोधणारा स्कॅन) करू नका.

उरलेल्या चार-पाच सिगारेटींबद्दल वडिलांशी तुम्हीच बोलावं, हे मी आग्रहाने सांगतो. रोज २० वरून इथवर ते स्वतःच्या बळावर आले आहेत. शेवटचा टप्पा निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या आणि डॉक्टरांच्या मदतीने पुष्कळांना सोपा जातो. सोडल्यावर काही महिन्यांनी सीईए खाली आला, तर तो आकडा त्यांना दाखवा. माझ्याकडच्या काही रुग्णांनी तो कागद पाकिटात ठेवला आहे.

आणि सीटीला जाताना एक गोष्ट विसरू नका. छातीचा जुना सीटी कधी झाला असेल, दहा वर्षांपूर्वीच्या न्यूमोनियाचा असो की अपघाताचा, तर ती सीडी किंवा फिल्म कपाटातून शोधून सोबत न्या. जुना एक्स-रे असेल तर तोही. नवीन सीटीवर सात-आठ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली आणि जुन्या सीटीवरही ती तेवढीच होती असं कळलं, तर बहुधा पुढचा प्रश्नच उरत नाही. ते सांगू शकेल असा मार्कर माझ्या लॅबमध्ये नाही.